रुमाल गेला, कागद आला. भाव मात्र झाकलेलाच

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. पुढच्याच वर्षी पहिलीपासून हिंदी शिकवण्याचे सरकारी आदेश निघाले, राज्यभर ओरड झाली आणि २९ जून २०२५ रोजी ते आदेश मागे घ्यावे लागले. मुंबई-पुण्यात भाषेवर रान पेटले. गावाकडे मात्र भाषेचा प्रश्न वेगळाच आहे. आपल्या सहीचा कागद आपल्याला कळतो का? आपल्या मालाचा हिशेब आपल्याला वाचता येतो का? ज्याला भाषा कळते त्याच्या पदरात पैसा पडतो, ज्याला कळत नाही तो अंगठा उठवून मोकळा होतो. हा रोकडा व्यवहार आहे, अभिमानाची गोष्ट नंतरची.

रुमालाखालची भाषा

व्यापाराने भाषा झाकून ठेवण्याचे काम फार पूर्वीपासून केले आहे. जुन्या पेठांतले व्यापारी आपसात 'नंदभाषा' बोलत. केवली म्हणजे एक, अवारू म्हणजे दोन, उधानू म्हणजे तीन, पोकू म्हणजे चार आणि रुपयाला भुरका. मोल्सवर्थच्या कोशात या भाषेची नोंद आहे. शेतकरी समोर उभा असायचा, त्याच्याच मालाचा भाव त्याच्या तोंडासमोर ठरायचा आणि त्याला शब्द कळायचा नाही. जिथे बोलणे नको तिथे रुमाल होता. दलाल आणि खरेदीदार रुमालाखाली हात घालून बोटे दाबत. किती बोटे दाबली ते त्या दोघांनाच ठाऊक. बैलबाजारात ही रीत जुन्या लोकांनी डोळ्यांनी पाहिली आहे.

याच लुबाडणुकीमुळे बाजाराला कायद्याची वेसण घालावी लागली. वऱ्हाडात कारंजा येथे १८८६ साली नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला, १८९७ साली वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा आला. स्वतंत्र महाराष्ट्राने १९६३ साली कृषी उत्पन्न बाजाराचा कायदा केला. या सगळ्यांतली शेतकऱ्याच्या कामाची गोष्ट एकच, ती म्हणजे उघड लिलाव. भाव मोठ्याने पुकारायचा आणि सगळ्यांना कळेल अशा बोलीत पुकारायचा. 'साडेबाराशे, तेराशे, सव्वातेराशे' हे शब्द शेतकऱ्याच्या कानावर पडू लागले, तेव्हा त्याला 'नाही परवडत' म्हणता येऊ लागले. भाषा उघडी झाली आणि भावही निम्मा उघडा झाला.

कागदाचा रुमाल

उरलेला निम्मा आता कागदाखाली गेला आहे. महसुलाच्या कागदाचे उदाहरण घ्या. फेरफार, वहिवाट, पोटखराबा, कूळ, इतर हक्क हे शब्द शाळेच्या पुस्तकात नाहीत, त्यातले काही फारसीतून आलेले आहेत, पण अडाणी म्हातारासुद्धा ते बरोबर वापरतो. पिढ्यान् पिढ्या भांडणे याच शब्दांवर झाली, म्हणून ते अंगात मुरले. तलाठ्याचे पदनाम २०२४ साली 'ग्राम महसूल अधिकारी' झाले, तरी गाव त्याला तलाठीच म्हणते. शब्द परका आहे की आपला, हे कोशावर ठरत नाही, वापरावर ठरते.

आता पीकविम्याचा कागद बघा. 'उंबरठा उत्पादन', 'जोखीमस्तर', 'विमा संरक्षित रक्कम', 'विमा क्षेत्र घटक'. अक्षरे मराठीच आहेत, पण कळते किती जणांना? राज्यातला एक रुपयाचा विमा खरीप २०२३ मध्ये आला आणि २०२५ च्या खरिपात बंद झाला. तेव्हापासून शेतकऱ्याने हप्त्याचा वाटा भरायचा आणि भरपाई पीक कापणी प्रयोगात निघालेल्या उत्पादनावर ठरायची, अशी रचना आली. म्हणजे सारा खेळ त्या एका 'उंबरठा उत्पादना'वर आला.

ते सोप्या बोलीत असे सांगता येते. आपल्या महसूल मंडळातल्या मागच्या सात वर्षांतली चांगली पाच वर्षे धरायची आणि त्यांची सरासरी काढायची. समजा सोयाबीनची सरासरी हेक्टरी १० क्विंटल आली. जोखीमस्तर ७० टक्के असेल तर उंबरठा झाला ७ क्विंटल. यंदा मंडळाचे उत्पादन ६ क्विंटल निघाले, तर तूट १ क्विंटलची, म्हणजे विम्याच्या रकमेचा सातवा हिस्सा मिळणार. पण मंडळाचे उत्पादन साडेसात निघाले आणि तुमच्या एकट्याच्या रानात काहीच हाती लागले नाही, तरी या हिशेबात तुमच्या नावावर छदाम नाही. ही गोष्ट हप्ता भरतानाच कळली, तर माणूस विचार करून भरतो आणि कापणी प्रयोगाच्या दिवशी बांधावर हजर राहतो. न कळली तर दिवाळीला तहसील कचेरीत जाऊन शिव्या देतो. दोन्हींत फरक फक्त चार ओळी समजण्याचा आहे.

बाजाराच्या पट्टीचेही तेच. हमाली, तोलाई, वाराई अशी कपात आखूड अक्षरांत लिहिलेली असते आणि वाचणारा फक्त खालचा आकडा वाचतो. फळे-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची, असा निर्णय राज्याने २०१६ साली घेतला. तरीही दुसऱ्याच नावाने तेवढीच रक्कम कापली आहे का, हे पट्टी वाचल्याशिवाय कळायचे कसे?

शाळेत काय चालले आहे?

दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९ साली 'एकवीस'ऐवजी 'वीस एक' असे वाचन आले आणि मोठा वाद झाला. मुलांना जोडाक्षरांची संख्यानामे जड जातात, ही पुस्तक करणाऱ्यांची बाजू होती. तिच्यात तथ्य नाही असे नाही. एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद यांत मोठी माणसेही अडखळतात. पण लिलाव पुकारणारा 'सत्तर नऊ' म्हणत नाही. तो 'पावणेदोन हजार' म्हणतो आणि पुढच्या ढिगाकडे सरकतो. पूर्वी पावकी, निमकी, सवायकी, दिडकी पाठ करून घेत, त्यामुळे चौथी शिकलेला माणूस काट्यावर उभ्या उभ्या हिशेब करी. आज इंग्रजी शाळेतल्या पोराला बाप विचारतो, 'पावणेदोन हजारानं साडेतीन क्विंटलचे किती झाले?' पोरगा मोबाईल काढतो, पण पावणेदोन म्हणजे किती, हेच त्याला ठाऊक नसते. गणित त्याला येते, पेठेची भाषा येत नाही.

दुसरीकडे, घरची बोली घेऊन आलेल्या पोराला 'अशुद्ध बोलू नको' म्हणून खाली बसवले, तर ते गप्पच होते. पुढे तेच पोर बँकेत साहेबापुढे गप्प बसते. प्रमाण भाषा शिकवलीच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. बोलीची लाज शिकवण्याचे मात्र काही कारण नाही.

पडद्यावर चालते, कचेरीत का नाही?

या बोलीत दम नाही असे कोणी म्हणत असेल, तर त्याने सिनेमाकडे बघावे. दादा कोंडक्यांच्या १९७१ च्या 'सोंगाड्या'ने गावरान बोलीला थिएटरभर गर्दी मिळवून दिली. तिथे ती बोली मुख्यतः हसवण्यासाठी होती. २००८ च्या 'टिंग्या'त जुन्नरकडचे पोर आपल्या बैलासाठी त्याच बोलीत रडले. २०१६ च्या 'सैराट'मध्ये करमाळ्याकडची पोरगी तीच बोली ताठ मानेने बोलली आणि राज्यभरच्या पोरांनी तिची नक्कल केली. ज्या बोलीत हसता, रडता आणि दरडावता येते, त्या बोलीत विम्याची अट सांगता येत नाही, हे पटण्यासारखे नाही.

करायचे काय?

राजभाषेचा कायदा १९६४ चा आहे. पुढे स्थानिक संस्थांवरही मराठीचे बंधन आले. पण मराठीत लिहिले म्हणजे कळेल असे लिहिले, असा त्याचा अर्थ नाही. त्यासाठी नवा कायदा नको, थोडी कामे हवीत. ग्रामपंचायत अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी यांनी हंगामापूर्वीच्या ग्रामसभेत विम्याच्या अटी मोठ्याने वाचाव्यात आणि आपल्याच मंडळाचा आकडा घेऊन उदाहरण सोडवून दाखवावे. बाजार समितीने पट्टीवरच्या प्रत्येक कपातीचे पूर्ण नाव छापावे आणि काट्याजवळ फलक लावावा. गुरुजींनी महिन्यातून एकदा वर्गात खरी पट्टी, खरा सातबारा, बँकेची खरी पावती आणून मुलांकडून वाचून घ्यावी.

आणि शेतकऱ्यांनीही एक सवय लावून घ्यावी. कळल्याशिवाय सही करायची नाही. 'साहेब, हे आमच्या भाषेत सांगा' असे म्हणण्यात कमीपणा नाही. रुमाल उचलायला लावला तेव्हाच बाजारात भाव दिसू लागला होता. कागदाचा रुमालही कोणीतरी विचारल्याशिवाय उचलला जाणार नाही.