मोकळे हात

शिंदखेड्यातील एखाद्या जुन्या घरात जाते अजून दृष्टीस पडते. पण ते कोपऱ्यात स्वस्थ बसलेले असते. दळणाचा डबा गिरणीत जातो आणि घटकाभरात पीठ घरी येते. यात वाईट झाले असे कोणी म्हणू नये. पहाटेच्या अंधारात खुंटा फिरवून ज्यांच्या हातांना घट्टे पडत, त्या बायकांना विचारल्यावाचून जात्याचे गोडवे गाणे हा पुरुषांचा जुना छंदच आहे!

तरी एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. खानदेशातल्याच आसोदे गावी जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना अक्षरओळख नव्हती. घरकाम व शेतकाम करता करता त्या आपल्या बोलीत गाणी रचीत. मुलगा सोपानदेव व एक आप्त यांनी त्यांतील काही टिपून ठेवली. १९५२ साली ती पुस्तकरूपाने निघाली, तेव्हा कोठे महाराष्ट्राला त्यांची ओळख पटली. हात कामात गुंतलेले, मन मात्र मोकळे, अशा वेळी ती गाणी सुचली.

यंत्रांनी आता हात मोकळे केले. पण त्या हातांत मोबाइल आला आणि मनच गुंतून पडले. गिरणीच्या बाकावर दळणाची वाट पाहणाऱ्या मुलीला अर्धा तास रिकामा मिळतो. तिच्या पणजीला तो कधीच मिळाला नव्हता.