झुलत्या शय्येची ऊब

गेल्या पौषांत आमचा थोरला नातू मित्रांबरोबर डोंगरावर दोन रात्री काढून आला, तो खोकला घेऊनच. तंबूऐवजीं दोन झाडांमध्यें नायलॉनची झोळी टांगून तींत निजण्याची रीत हल्लींच्या तरुण मंडळींत रूढ होत आहे. तिला ते हॅमॉक म्हणतात. अंगाभोंवतीं जाड स्लीपिंग बॅग असूनहि पहाटे तीनच्या सुमारास पाठ गारठून जाग आली व पुन्हां डोळ्यास डोळा लागला नाहीं, असें त्यानें सांगितलें. यावर उपाय म्हणून त्यानें व त्याच्या चुलत बहिणीनें परदेशी बनावटीच्या पिसांच्या दुलईसाठीं घरांत पैसे मागितले. ही दुलई अमेरिकेंत साधारण 200 ते 300 डॉलरांस मिळते. जकात व टपालखर्च निराळा. घरांत लागलीच दोन पक्ष पडले. धाकटे चिरंजीव म्हणाले, प्रकृतीपुढें पैशाचा विचार करूं नये. थोरल्या सूनबाईंचें म्हणणें, घरीं गाद्या असतां मुलांनीं झाडांस लोंबकळावेंच कशाला? निवाडा माझ्याकडे आला. जन्मभर मुलांस 'आधीं पडताळा, मग उत्तर' असें शिकविलेल्या माणसानें प्रयोगावांचून निवाडा देणें बरें दिसलें नसतें.

ही शय्या मुळीं नवी नव्हे. 1492 सालीं कोलंबस बहामा बेटांत उतरला, तेव्हां तेथील लोक झाडांस किंवा खांबांस टांगलेल्या कापसाच्या जाळ्यांत निजतात असें त्यानें पाहिलें. हॅमॉक हा शब्दहि त्याच भागांतील भाषेंतून आला आहे. उष्ण प्रदेशांत ही शय्या सुखाची, कारण अंगाखालून वारा खेळतो. पण जो गुण तेथें, तोच आपल्याकडील पौषांत दोष ठरतो.

पांघरूण स्वतः ऊब निर्माण करीत नाहीं, हें येथें ध्यानांत ठेवावें. ऊब देहाची, पांघरुणाचें काम एवढेंच कीं, आपल्या तंतूंमध्यें हवा कोंडून धरून ती ऊब बाहेर जाऊं द्यावयाची नाहीं. देहाच्या भारानें पांघरूण चेपलें कीं ती हवा निघून जाते व उरतें तें नुसतें कापड. झोळींत पाठीखालीं हेंच होतें, आणि वर खालून अखंड वारा लागतो. म्हणून अंगाभोंवतीं कितीहि मोलाची स्लीपिंग बॅग घेतली, तरी तिचा पाठीखालचा भाग व्यर्थच जातो.

परसांतील आंबा व फणस यांच्यामध्यें झोळी टांगून आम्हीं तीन रात्री परीक्षा घेतली. तिन्ही दिवशीं पहाटे उष्णतामापकांत 11 अंशांच्या आसपास पारा होता. पहिल्या रात्रीं झोळींत जाड रजई अंथरली. नातू दोन वाजतांच कुडकुडत घरांत आला. दुसऱ्या रात्रीं फोमची चटई घातली. ही चटई भारानें फारशी चेपत नाहीं, म्हणून पाठ उबदार राहिली. मात्र चटई अरुंद असल्यामुळें खांदे उघडे पडले व कुशीवर वळतांना ती दोनदां सरकली.

तिसऱ्या दिवशीं काय करावें याचा खल चालला असतां आमचें कुटुंब स्वयंपाकघरांतून म्हणालें, "अहो, बाळंतिणीच्या बाजेखालीं शेगडी ठेवतात ती कां? खालून गारवा लागूं नये म्हणूनच ना? मग पांघरूण झोळींत कशाला घालतां? झोळीच्या खालून बांधा कीं!" शास्त्र तें हेंच. आम्हीं जुनी गोधडी झोळीच्या बाहेरून, खालच्या अंगास लागेल पण ताणली जाणार नाहीं अशी बांधली. तिच्यावर भार नाहीं, म्हणून तिच्यांतील हवा तशीच राहिली. नातू सकाळीं हांका मारल्यावर उठला. ती महागडी पिसांची दुलई हेंच काम करते. शेगडीची उपमा मात्र उपमेपुरतीच घ्यावी. नायलॉन ठिणगीनें वितळतें, त्याखालीं विस्तव कधींहि ठेवूं नये.

आतां वजन व खर्च यांचा हिशेब. झोळी, पट्टे व वरचें छत यांचा भार सर्व प्रकारांत सारखाच; फरक पडतो तो पाठीखालच्या साहित्याचा. फोमची चटई सुमारें 400 ग्रॅमची. आम्हांस ती 600 रुपयांस पडली, व झाडें न मिळाल्यास ती जमिनीवरहि उपयोगी पडते. पिसांची दुलई 500 ते 700 ग्रॅम, सर्वांत उबदार, पण सर्वांत महाग. शिवाय पिसें भिजलीं कीं चिकटून बसतात व ऊब जाते, म्हणून सह्याद्रीच्या दमट हवेंत तिला जपावें लागतें. कृत्रिम तंतूंची दुलई 800 ग्रॅम ते 1 किलो भरते, किंमत त्याहून पुष्कळ कमी, व ओलाव्यास ती अधिक टिकते. आमची गोधडी फुकट खरी, पण अडीच किलोंची. ती पाठीवर घेऊन गड चढावयाचा म्हणजे शिक्षाच.

झोळी बांधण्याविषयींहि दोन शब्द. पट्टा आडव्या रेषेशीं 30 अंशांचा कोन करील असा बांधावा. त्या कोनांत प्रत्येक बाजूस निजणाऱ्याच्या वजनाइतका ताण येतो. झोळी ताठ दिसावी म्हणून कोन 15 अंशांवर आणला, तर ताण जवळजवळ दुप्पट होतो. दोरीऐवजीं रुंद पट्टा वापरावा, म्हणजे झाडाची साल कापत नाहीं. अभयारण्यांत मुक्कामास वनखात्याची परवानगी लागते, हेंहि विसरूं नये.

माझा निवाडा असा झाला: आपल्याकडील डोंगरांस चटई पुरे; अधिक थंडी असल्यास कृत्रिम तंतूंची दुलई; पिसांची दुलई जो वारंवार हिमप्रदेशांत जातो त्यानेंच घ्यावी. तेथेंहि पश्चिम हिमालयांत साधारण 3,500 मीटरांच्या आसपास झाडें संपतात, मग झोळी टांगावयाची कोठें? दोन्ही पक्षांस हें मानवलें. नातीनें आजीच्या हाताखालीं शिवणयंत्रावर कृत्रिम कापसाची दुलई शिवली, दोन्ही टोकांस नाडी ओवली. वजन 900 ग्रॅम, खर्च 1,400 रुपये. माघांत ती बहीणभावंडांनीं आळीपाळीनें वापरली, आणि खोकला कोणासहि झाला नाहीं.

ज्यांच्या घरीं असे हौशी नातू व नाती असतील, त्यांनीं मुलांस अडवूं नये. पहिली रात्र मात्र परसांत किंवा गच्चीवर काढावयास लावावी. तेथें पाठ गारठली तर दार उघडून घरांत येतां येतें. डोंगरावर तें दार नसतें.