गाठ कोणत्या पेशीची?

घास गिळताना अडतो म्हणून अब्बांची दुर्बिणीतून तपासणी होते, अन्ननलिकेत गाठ दिसते आणि काही दिवसांनी रिपोर्ट हाती येतो. त्यावर लिहिलेले असते, 'स्पिंडल सेल ट्यूमर'. ट्यूमर म्हणजे कॅन्सरच, असे समजून घरात रडारड सुरू होते. या महिन्यात आम्ही याच तीन शब्दांबद्दल लिहीत आहोत, कारण एवढ्यावर निदान पूर्ण होत नाही.

स्पिंडल म्हणजे सूत कातण्याची चाती. मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळती अशी पेशी सूक्ष्मदर्शकाखाली दिसली, की डॉक्टर तिला स्पिंडल सेल म्हणतात. हे नाव तिच्या आकाराचे आहे. ती कोणत्या कुळातली, हे त्यावरून कळत नाही. आणि इलाज ठरतो तो कुळावरून.

अन्ननलिकेत अशा गाठी प्रामुख्याने चार ठिकाणांहून उगवतात. पहिले ठिकाण म्हणजे भिंतीतला स्नायू. त्याची गाठ ती लायोमायोमा. अन्ननलिकेच्या साध्या गाठींमध्ये हीच सर्वांत जास्त आढळते. ती कॅन्सर नसते. लहान असेल आणि त्रास देत नसेल तर डॉक्टर नुसते लक्ष ठेवतात; काढायची झाली तर बहुतेक वेळा अन्ननलिका शाबूत ठेवून फक्त गाठ सोलून काढता येते. दुसरे ठिकाण मज्जातंतूंच्या वेष्टणाचे. ही गाठ श्वानोमा. ती क्वचितच दिसते आणि बहुधा निरुपद्रवी असते.

तिसरे कूळ काहाल पेशींचे. सांतियागो रामोन ई काहाल या स्पॅनिश शास्त्रज्ञाचे नाव या पेशींना मिळाले. त्यांना १९०६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले होते. अन्नमार्गाच्या हालचालीचा ताल या पेशी धरून ठेवतात. त्यांच्याशी नाते असलेल्या गाठीला जिस्ट म्हणतात. ती जठरात जास्त आणि अन्ननलिकेत फार कमी आढळते; पण ती पसरू शकते. चौथे ठिकाण अन्ननलिकेचे आतले अस्तर. तिथल्या कॅन्सरच्याच काही पेशी रूप पालटून चातीसारख्या होतात. हा खरा कॅन्सर असतो आणि त्याचा इलाज त्याच पद्धतीने करावा लागतो.

पूर्वी जिस्टलाही स्नायूचीच गाठ समजत. १९८३ मध्ये मेझर आणि क्लार्क यांनी त्यावर शंका घेतली. १९९८ मध्ये जपानच्या हिरोता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की या गाठींत किट नावाच्या जनुकात बिघाड असतो आणि त्यामुळे पेशींना वाढीचा हुकूम सतत मिळत राहतो. तो हुकूम रोखणारी इमॅटिनिब ही गोळी रक्ताच्या एका कॅन्सरसाठी तयार झालीच होती. ती जिस्टवर लागू पडल्याचे हेलसिंकीच्या डॉक्टरांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केले. हीच गोळी लायोमायोमाला काहीही उपयोगाची नाही. कूळ ओळखण्याचे मोल इथे कळते.

आपल्या देशात १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या औषधाच्या नव्या रूपावरचा नोव्हार्टिस कंपनीचा पेटंटचा दावा फेटाळला. त्यामुळे भारतीय कंपन्यांची स्वस्त गोळी मिळत राहिली.

कूळ ओळखायला गाठीच्या तुकड्यावर खास रंगांची तपासणी करतात. तिला आयएचसी म्हणतात. सीडी ११७ आणि डॉग १ हे रंग चढले तर जिस्टकडे बोट जाते; डेस्मिन चढला तर स्नायूकडे, एस १०० चढला तर मज्जातंतूकडे आणि केराटिन चढला तर अस्तराकडे.

म्हणून आमची वाचकांना विनंती आहे. रिपोर्टवर नुसते 'स्पिंडल सेल' असेल तर डॉक्टरांना अदबीने विचारा, "आयएचसी झाली का? गाठ कोणत्या पेशीची निघाली?" तपासणीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात जपलेला असतो. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायचे असेल तर तो ठोकळा आणि काचपट्ट्या मागून घ्या. पुष्कळदा त्यावरच पुढची तपासणी होते आणि रुग्णाला पुन्हा दुर्बिणीखाली जावे लागत नाही. उत्तर मिळेपर्यंत ना घाबरून जायचे, ना जडीबुटीत महिने घालवायचे. आणि घरात कुणाचा घास अडत असेल, वजन उतरत असेल, तर ॲसिडिटीची गोळी देऊन दिवस ढकलू नका. दवाखाना गाठा.