मगरिब ते इशा, मोबाईल बाजूला

मोहित्यांचे वडगाव हे आमच्याच सांगली जिल्ह्यातलं, कडेगाव तालुक्यातलं गाव. वस्ती तीन हजारांच्या आसपास. कोरोनात शाळा मोबाईलवर आली. पुढे शाळा वर्गात परतली, पण मुलांच्या हातातला मोबाईल काही सुटला नाही. १४ ऑगस्ट २०२२ ला ग्रामसभेत ठरलं आणि दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजू लागला. वाजला की घरोघरचे टीव्ही, मोबाईल बंद. साडेआठला दुसरा भोंगा, मग सुरू. पुरुषांनी आधी हसण्यावारी नेलं. बायकांनी मात्र मालिकांचं वेड मोकळेपणाने कबूल केलं. सुरुवातीला आशाताई, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक घरोघर फिरले.

ही बातमी मिरजेत बसून वाचली तेव्हा मला वाटलं, छान आहे, मुलांचा अभ्यास होईल. यात आपल्यासाठीही काही आहे असं मनात आलं नाही.

मग २०२३ साल आलं. जूनमध्ये कोल्हापुरात मोबाईलवरच्या स्टेटसवरून दगडफेक झाली. सप्टेंबरमध्ये सातारा जिल्ह्यातल्या पुसेसावळीत समाजमाध्यमावरच्या मजकुरावरून जमाव मशिदीवर चालून गेला, एका तरुणाचा जीव गेला. त्या आठवड्यात मी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाईल बघत होते. तीच चित्रफीत सात जणांकडून यायची. खरी की जुनी, कुठली, काही कळायचं नाही. छातीत मात्र धडधडायचं. माझा भाचा सतरा वर्षांचा. तो जेवताना ताटाशेजारी मोबाईल ठेवायचा आणि दर घासाला बघायचा. अम्मी म्हणाली, "रख दे रे बाबा, खाना तो खा." त्याने वर पाहिलंसुद्धा नाही.

दोन्ही वेळा त्या त्या जिल्ह्यात सरकारने इंटरनेट बंद केलं. साताऱ्याचं नेट बंद झालं आणि तिथल्या नातेवाइकांकडून येणारा संदेशांचा पूर थांबला. सांगायला लाज वाटते, पण त्या रात्री मला झोप लागली. सकाळी उठल्यावर राग आला. शांत झोपायलाही आपल्याला कलेक्टरच्या हुकुमाची वाट बघावी लागावी? तिकडे त्यांना एकमेकांची खुशालीही कळवता येत नव्हती. नेटबंदी आणि वडगावचा भोंगा यांत माझ्या मते हाच फरक आहे: एक लादलेला, दुसरा गावाने बसून ठरवलेला.

"आपल्याला हे परवडत नाही, आपण सावध राहायला पाहिजे," असं आमच्या मोहल्ल्यातले एक चाचा म्हणतात. त्यांचं म्हणणं मी झटकून टाकत नाही. ज्यांच्या वस्तीवर संकट येऊ शकतं त्यांना खबर लागतेच. पण खरी खबर मोहल्ल्यात आजही फोन करून येते, नाहीतर दार वाजवून. चारशे जणांच्या ग्रुपवर येते ती बहुधा भीती. आणि भेदरलेलं पोरगंच रागाच्या भरात उलटा स्टेटस टाकतं, आणि मग पोलीस ठाण्याच्या बाकावर रात्रभर कोण बसतं, तर त्याची आई.

एकट्याने मोबाईल ठेवणं मला जमलं नाही. तीनदा ठरवलं, तीनदा मोडलं. सगळे बघत असताना आपण बघितलं नाही तर काहीतरी सुटेल ही धास्ती असते. वडगावची युक्ती तिथेच आहे. सगळेच बंद ठेवतात, त्यामुळे कुणाचंच काही सुटत नाही. आपल्याकडे तर त्यासाठी वेगळा भोंगाही नको (भोंग्याचा विषय काढायलाच नको!). मगरिबची अजान ते इशाची अजान, सव्वा तासाच्या आसपास वेळ आहे. वडगावच्या दीड तासाला जवळच.

अडचणी आहेत. दोन खोल्यांच्या घरात सात माणसं, मुलांनी बसायचं कुठे? आणि ज्या सुनेला दिवसभर घराबाहेर पडता येत नाही, तिच्यासाठी मोबाईल हीच खिडकी. ती बंद करायला सांगताना दार उघडायची तयारी हवी. नाहीतर पुरुष कट्ट्यावर गप्पा मारणार आणि घरात बाई भिंतीकडे बघत बसणार. त्या वेळात बायकांनी एकमेकींकडे जावं, यावरून घरात कुणी तोंड वाकडं करू नये, हे आधी ठरायला हवं.

आमच्या गल्लीत नऊ घरांनी रमजानच्या आधी हे सुरू केलं. दोन घरं आठवड्यात गळाली. आमच्या घरी मोबाईल तांदळाच्या डब्यावर ठेवतात, आवाज चालू, म्हणजे कुणाचा फोन आला तर घेता येतो. भाचा पहिले काही दिवस चिडचिड करत होता. परवा तो मागच्या गल्लीतल्या सतारीच्या कारखान्यात जाऊन बसला होता. भोपळा कसा कापतात ते बघत होतो म्हणाला. इशा झाली तरी आला नाही, म्हणून मीच बोलवायला गेले.