दिवाळीचं रंगकाम आणि घरातलं शिसं

दसरा-दिवाळी जवळ आली की घरोघरी रंगकाम निघतं. पेंटर पॉलिश पेपर घेऊन दारं-खिडक्या घासतो, बारीक धूळ घरभर बसते आणि त्याच फरशीवर रांगणारं पोर हात तोंडात घालतं. आज या धुळीबद्दल बोलायचंय, कारण जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं.

भारतात घरगुती रंगात शिशाची मर्यादा 90 पीपीएम झाली ती 1 नोव्हेंबर 2017 पासून. म्हणजे कायदा नव्या डब्याला लागू झाला. त्याआधी रंगवलेली चौकट, ग्रिल, पाळणा जिथल्या तिथेच आहेत. औद्योगिक वापराचे रंग तर या नियमातून वगळलेलेच आहेत.

मोठ्या माणसाच्या मानाने लहान मुलाचं शरीर चार-पाच पट शिसं शोषून घेतं. ताप नाही, पुरळ नाही, काही दिसत नाही. परिणाम होतो तो वाढत्या मेंदूवर, आणि झालेलं नुकसान सहसा भरून येत नाही. मग पोर अभ्यासात मागे पडतं आणि आपण म्हणतो, 'लक्षच देत नाही!' 2020 च्या युनिसेफ-प्युअर अर्थ अहवालाचा अंदाज आहे की भारतातल्या सुमारे 27.5 कोटी मुलांच्या रक्तात शिसं 5 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर आहे. मुळात सुरक्षित अशी पातळीच नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

घरी काय करता येईल? जुना रंग कोरडा घासू देऊ नका, पाणी मारून घासायला सांगा. तेवढे दिवस लहान मुलांना आणि गरोदर बाईला दुसरीकडे ठेवा. झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. मुलांचे हात जेवणाआधी धुवा. काही सुरम्यांत आणि बाजारी काजळांत शिसं सापडलंय, तेव्हा बाळाच्या डोळ्यांत ते घालू नका. पोटात लोह-कॅल्शियम कमी असेल तर शिसं जास्त शोषलं जातं, म्हणून आहाराकडेही बघा.

पण सगळा भार आईच्या फडक्यावर टाकून चालणार नाही. हळदीचंच बघा. पिवळीधमक दिसावी म्हणून तिला लेड क्रोमेट लावण्याचे प्रकार उघड झालेत. ते हळकुंडाला पॉलिश करतानाच लावलं, तर घरी दळून आणूनही उपयोग नाही. बांगलादेशात 2019 मध्ये बाजारातल्या हळदीच्या 47 टक्के नमुन्यांत शिसं सापडलं होतं. सरकारने तपासण्या केल्या, दंड केले, लोकांना सांगितलं. 2021 मध्ये हे प्रमाण शून्यावर आलं. दोन वर्षांत!

मग आपल्याकडे का होऊ नये? सांगलीसारखी हळदीची पेठ आपल्याकडे आहे. तिथून आणि किरकोळ दुकानांतून नियमित नमुने घ्या, निकाल जाहीर करा. रंगाचे डबे बाजारातून उचलून तपासा. आणि अंगणवाडीत वजन, उंची, दंडघेर मोजतो, तशी निदान जोखमीच्या वस्त्यांत मुलांच्या रक्तातलं शिसं मोजायची सोय करा. जे मोजलंच जात नाही, त्यावर उपाय कोण करणार?

यंदा मत मागायला कुणी दारात आलं, तर रस्ता-गटारासोबत हाही प्रश्न विचारा. आणि तुमच्या पेंटरला आजच सांगा, पाणी मारून घास बाबा, घरात लेकरं आहेत.