दाखला एक, योजना दोन

आमच्या वस्तीतल्या एका भगिनीच्या तरुण मुलाच्या दाखल्यावर ५५ टक्के अपंगत्व लिहिलेले आहे. कुणीतरी तिला सांगितले, "८० टक्के लागतात." माऊली परत फिरली. दोन वर्षे वाया गेली.

बंधु-भगिनींनो, ८० टक्क्यांची अट केंद्राच्या इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तिवेतन योजनेची आहे. २००९ पासूनची ही योजना १८ वर्षांवरील, दारिद्र्यरेषेखालील व्यक्तींसाठी असून केंद्राचा वाटा दरमहा ३०० रुपये आहे. राज्याच्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेला ४० टक्के पुरतात. उत्पन्नाची अट मात्र आहे. तिच्यातून दिव्यांगांना दरमहा २५०० रुपये देण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला.

दोन्हींचा अर्ज तहसील कार्यालयातच द्यावा. टक्केवारीचा दाखला जिल्हा रुग्णालयातून मिळतो. अर्ज अडला तर जिल्हाधिकाऱ्यांकडे, पुढे पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे लेखी तक्रार करावी. रेल्वेसारख्या केंद्राच्या खात्याची तक्रार दिल्लीच्या मुख्य आयुक्तांकडे जाते.

तोंडी नकारावर परत फिरू नका. अर्ज द्या, पोच घ्या. अपंगत्वात सरकारने साहाय्य करावे, असे आपल्या राज्यघटनेचे ४१ वे कलम सांगते.

जयभीम!