सनस्क्रीनला औषध माना

यवतमाळच्या माझ्या दवाखान्यात ऊन तापायला लागलं की एक प्रश्न हमखास येतो: ग्रीन टीच्या अर्काच्या नाहीतर द्राक्षबियांच्या कॅप्सूल घेतल्या तर उन्हाने कॅन्सर होणार नाही ना? विचारणारे बहुतेक सावळे, गव्हाळ असतात. त्यांच्या त्वचेतलं मेलॅनिन जन्मभर राखण करतं. उन्हाने होणारा त्वचेचा कॅन्सर त्यांच्यात विरळाच. ज्यांना खरा धोका आहे, ते कॅप्सूल विचारायला येत नाहीत.

ते म्हणजे अल्बिनिझम असलेले, जन्मतःच त्वचेत रंगद्रव्य नसलेले लोक. कापूस वेचणारा असा एक तरुण डोक्याला दुपट्टा गुंडाळून येतो, तेव्हा मी आधी त्याचे कान बघते. कानाच्या वरच्या कडेवर, मनगटाच्या मागे बोट फिरवलं की काचकागदासारखी खर लागते. डोळ्यांना दिसण्याआधी ती बोटाला कळते. “मॅडम, खपली निघते, पण पुन्हा येते ना,” तो सांगतो. कॅन्सर पुष्कळदा अशा खरीतूनच सुरू होतो.

वनस्पतींमधल्या अँटिऑक्सिडंट्सना मी थोतांड म्हणणार नाही. ग्रीन टीतल्या घटकांमुळे उंदरांच्या कातडीवरच्या गाठी कमी झाल्याचे प्रयोग आहेत. तांदळाच्या कोंड्यातलं फेरुलिक आम्ल क आणि ई जीवनसत्त्वांच्या द्रावणात मिसळून लावलं, तर त्याचं उन्हापासूनचं संरक्षण दुपटीच्या घरात जातं. पण अतिनील बी किरण पेशीतल्या डीएनएवर थेट आदळतात आणि त्याचे शेजारशेजारचे दुवे एकमेकांना चिकटवतात. तिथे अँटिऑक्सिडंटला मध्ये पडायला फारसा वावच नसतो.

माणसांवरचा पुरावा पाहायचा तर ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमधल्या नॅम्बरला जावं लागतं. १९९२ मध्ये तिथल्या १,६२१ रहिवाशांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडले. काहींना रोज सनस्क्रीन लावायला सांगितलं, काहींना गाजरात असतं ते बीटा कॅरोटिन ३० मिलिग्रॅम दिलं, काहींना दोन्ही. साडेचार वर्षांनी सनस्क्रीनवाल्यांमध्ये स्क्वॅमस पेशींचे कॅन्सर सुमारे ४० टक्क्यांनी कमी निघाले. बीटा कॅरोटिनने काहीच फरक पडला नाही. फिनलंडमध्ये तर हेच बीटा कॅरोटिन गोळ्यांतून घेणाऱ्या धूम्रपानी पुरुषांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी वाढला. गाजर खुशाल खा. त्याची गोळी ही वेगळी गोष्ट आहे.

मग त्या तरुणाला मी काय देते? सनस्क्रीन लिहून देते. चेहरा, मान आणि दोन्ही हातांना पुरेसं, दिवसातून दोनदा लावलं तर पन्नास ग्रॅमची ट्यूब आठवडाभरसुद्धा पुरत नाही. मजुरीवर जगणाऱ्याने ती आणायची कुठून? आपल्या कायद्यात सनस्क्रीन सौंदर्यप्रसाधनात मोडतं. माझा आक्षेप आहे तो इथेच. त्याच्यासाठी ते इन्सुलिनइतकंच गरजेचं आहे. टांझानियात मोशी इथे अल्बिनिझमच्या रुग्णांसाठी ‘किलिसन’ नावाचं सनस्क्रीन मुद्दाम बनवतात आणि त्यांच्यापर्यंत पोहोचवतात. त्यांना जमतं, तर आपल्या जिल्हा रुग्णालयांना का जमू नये? अल्बिनिझम असलेल्या प्रत्येकाला दरमहा पुरेल एवढं सनस्क्रीन, कान आणि मान झाकणारी रुंद कडेची टोपी आणि सहा महिन्यांनी त्वचेची तपासणी मोफत मिळाली पाहिजे. शाळेत अशा मुलांना पूर्ण बाह्यांचा सदरा घालायची मुभा हवी आणि त्यांचा खेळाचा तास सकाळी लवकर हवा. त्यासाठी तर पैसेही लागत नाहीत.